किरकोळ कीटक वगळता

यंदाही छाटणी लागली. हरसूल, पेठकडून मजुरांचे टेम्पो सकाळी आमच्या रस्त्याने जायला लागले, बांधाबांधावर निळ्या डागांचे ड्रम उभे राहिले, आणि कापलेल्या द्राक्षकाड्यांचा कच्चा हिरवट वास वसाहतीपर्यंत येऊ लागला. ऑक्टोबर म्हटलं की लोकांना झेंडू आठवतो, दसरा आठवतो, पाठीला चिकटणारा सदरा आठवतो. मला एक सोंडकिडा आठवतो. तिळाएवढा. चिखलाच्या रंगाचा. आणि तो आठवला की मला राग येतो.

हे आधीच सांगून टाकते. ललित लेख म्हटल्यावर वाचणारा माणूस जरा सैलावून बसतो, चहा जवळ ओढतो. ओढा. पण मी लिहिणार रागातच. मी पत्रकं लिहीत मोठी झाले. हळुवार लिहायला गेले की हात दुखतो.

पत्रकं मला पप्पांनी शिकवली. पप्पा आता घरीच असतात, तेव्हा नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. पाळी संपवून घरी आले की डबा ओट्यावर ठेवायचे आणि कोऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला बसायचे. आमच्या वसाहतीला नळ, दिवे, बुद्धविहारापाशी वाचनालय, जे जे मिळालं ते पत्रक काढून मिळालं. कुणी आपण होऊन काही दिल्याचं मला आठवत नाही. पप्पा म्हणायचे, पहिलं वाक्य असं लिही की वाचणाऱ्याने पत्रकाचा द्रोण करायच्या आधी ते पुरं वाचलं पाहिजे. लिहिण्याइतकंच त्यांचं चिकटवण्यावर प्रेम. मैदा शिजवायचा, सारखा ढवळायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद बागायतदारांकडून सहज मिळायचा, वेलींवर फवारायला त्यांच्याकडे पोतीच्या पोती असतात. तो नसेल तर कसर आणि झुरळं खळीसकट पोस्टर खातात. असेल तर पोस्टर दोन पावसाळे काढतं. आमच्या घरातल्या एका पातेल्याला अजून निळी झाक आहे. आई त्यात भाजी करत नाही.

वसाहतीमागे म्हशींचं तळं आहे. नाव असंच, कागदावर नसलेलं. पावसात भरतं, दिवाळीला तुडुंब असतं, होळीनंतर काठ सोडायला लागतं आणि वैशाखात त्याच्या तळाला एवढ्या भेगा पडतात की पोरांचा क्रिकेटचा चेंडू आत गेला तर हात घालून काढावा लागतो. ऑक्टोबरात मात्र तळ्याचा थाट बघावा. दुपारचं ऊन पिवळं, जाड, तुपासारखं पाण्यावर बसलेलं. चतुर घिरट्या घालतात. पाण्यात बुडालेल्या म्हशींची फक्त शिंगं आणि नाकपुड्या वर. आणि पाण्याखाली हिरवं, दाट, केसांसारखं हलणारं गवत, ज्याला आम्ही सगळे सरसकट शेवाळ म्हणायचो.

हे तळं बुजवून तिथे पार्किंग आणि दुकानांचे गाळे करायचं ठरलं. कुणी ठरवलं ते नेहमीप्रमाणे कुणालाच माहीत नव्हतं. वसाहतीचा हापसा त्या तळ्यावर जगतो, हे आम्ही ओरडून सांगितलं. उत्तर आलं, टँकर देऊ. मग अहवाल आला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: सदर तळे बारमाही नसून उन्हाळ्यात पूर्णतः आटते, किरकोळ कीटक वगळता तेथे उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही.

आढळणार कशी? पाहणी मे महिन्यात झाली होती. जीप आली, दोन माणसं उतरली, भेगांचे फोटो काढले, कोपऱ्यावरच्या रसवंतीत उसाचा रस प्याले, गेले. हे रसवंतीवाल्यानेच सांगितलं. "आलं-लिंबू मारके दोन फुल," म्हणाला. जीवसृष्टीच्या अभ्यासाचा एवढाच तपशील उपलब्ध आहे.

आणि तो शब्द. किरकोळ. या शब्दाची आणि माझी जुनी ओळख. आमच्या भागातली बातमी पेपरात येते तीच मुळी "किरकोळ कारणावरून" अशी सुरू होते. हापशावर बायका भांडल्या, किरकोळ कारणावरून. प्यायचं पाणी हे ज्यांना किरकोळ कारण वाटतं, त्यांच्या घरी नळ असतो. त्यामुळे अहवालात तो शब्द वाचला तेव्हा माझा पहिला विचार तळ्याचा नव्हताच. मला वाटलं, हे आपल्याबद्दलच लिहिलंय.

आम्ही सभा घेतली. मी तावातावाने बोलले. जीवसृष्टी आहे, आहे, आहे! टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मागच्या सतरंजीवरून एक बाई उठल्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या देवरे मॅडम. म्हणाल्या, "आहे आहे म्हणून ओरडलीस, छान ओरडलीस. पण काय आहे?"

"म्हणजे?"

"कोण राहतं त्या तळ्यात? नाव सांग एखादं."

मी म्हटलं, म्हशी.

त्या हसल्या नाहीत. "किडे धरून आण. स्पिरिटमध्ये टाक, मग सुकवून कागदावर चिकटव आणि आण. मग बोलू."

तर असा मी तो ऑक्टोबर काढला. एका नेत्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स घरी होता, तो तळ्याच्या काठावर उलटा पसरायचा, पांढरी बाजू वर. पाण्यात मांड्यांपर्यंत उतरून ते गवत ओढून काढायचं आणि फ्लेक्सवर उन्हात पसरायचं. गवत सुकायला लागलं की त्यातला प्रत्येक जण जीव घेऊन बाहेर पडतो. आधी उड्या मारणारे, मग तुरुतुरु पळणारे, मग गोगलगायी. तळ्यात एवढं बिऱ्हाड असेल हे मला, आयुष्य काठावर गेलेल्या मुलीला, माहीत नव्हतं. पलीकडच्या बागेत छाटणीवाल्या बायका जेवायला बसलेल्या असायच्या. भाकरी हातात, नजर माझ्यावर.

"काय धरतीस गं?"

"किडे."

"खाया?"

"नाही हो."

"मंग कशाला? बागंत लय हायेत, ने टोपलीभर." आणि सगळ्या खिदळल्या. एक म्हातारी म्हणाली, "हसू नका गं, सरकारी काम असंल." या शिवीचा मला जास्त राग आला.

एके दुपारी सगळे जीव पळून गेले, फ्लेक्स रिकामा झाला, गवताचा नुसता कुरकुरीत चोथा उरला. मी झटकायला उठले. तेवढ्यात चिखलाचा एक कण चालायला लागला. मी खाली बसले. नाक फ्लेक्सला लागेपर्यंत वाकले. कणाला पाय होते. पुढे खाली वळलेली एक सोंड होती. तो नेत्याच्या पाठीवरून, घाई न करता, सावलीकडे निघाला होता. मागून दुसरा. सगळे पळाले तेव्हा हे पळाले नाहीत. चिखल होऊन पडून राहिले. असं पडून राहायचं कसब मला कधीच जमलेलं नाही, आणि जमावं असंही वाटत नाही, पण कौतुक वाटलं.

घरी आईने बाटली उजेडात धरली. "हे? हे तर सोंडे. तांदळात होतात ते. उन्हात घालायचे, आपोआप जातात."

"आई, हे पाण्यातले आहेत."

"पाण्यातले असोत नाहीतर विमानातले. सोंडा तो सोंडा."

मी ते सुकवले आणि चिकटवले. आमच्याकडे चिकटवतात तसे. पातेल्यात खळ केली, मोरचूद टाकला, जुन्या पत्रकाच्या पुठ्ठ्यावर ओळीने एकेक किडा दाबून बसवला, पोट खाली, पाठ वर, तोंड सगळ्यांचं पुढे. मोर्चाच निघाल्यासारखा दिसत होता. मला फार अभिमान वाटला. पुठ्ठा आठवडाभर पत्रकांच्या कपाटात राहिला, कारण मॅडमना वेळ नव्हता. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे, बाकी माणूस त्या कॉलेजच्या लेखी नाहीच. प्रयोगशाळेची किल्लीसुद्धा मागून घ्यायची.

त्या प्रयोगशाळेचा वास अजून आठवतो. डांबरगोळ्या, स्पिरिट, खडू. खिडकीबाहेर अशोकाची झाडं, त्यांच्यावर ऑक्टोबरचं तेच जाड ऊन. मॅडमनी पुठ्ठा हातात घेतला आणि मॅडम सटाण्याच्या झाल्या, थेट अहिराणीत. चिडल्या की होतात.

"हाई काय शे?"

"किडे. तुम्ही म्हणालात चिकटव."

"पोस्टर लावलंस का व माय? सगळे पालथे!"

"मग तोंड दिसायला नको?"

"तोंड कोण बघतंय त्याचं? याची ओळख पोटावर असते!"

मग शांत होऊन सांगितलं. खरी रीत अशी की कागदाचा बारीक त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला किड्याची एक कूस जेमतेम टेकवायची, म्हणजे वरून, खालून, बाजूने सगळीकडून बघता येतं. या घराण्यातल्या सोंडकिड्यांच्या छातीवर, पुढच्या पायांच्या मधोमध, एक खाच असते. सोंड मिटून ते त्या खाचेत ठेवतात, आपण छत्री मिटून काखेत मारतो तशी. खाच आहे की नाही, किती खोल, इथून सुरुवात. आणि मी ती सुरुवातच खळीत बुडवून टाकली होती.

मॅडमनी वाटीत कोमट पाणी घेतलं, पुठ्ठ्याचे तुकडे करून त्यात सोडले. आम्ही दोघी बघत बसलो. हळूहळू मैद्याचा पांढरा ढग उठला आणि किडे एकेक करून मोकळे झाले. एकाचा पाय गेला. बाकीचे शाबूत. "झटक्यात चिकटणारा गोंद लावला असतास तर आज सगळं फेकावं लागलं असतं," मॅडम म्हणाल्या. मग वाटीत वाकून बघत, "पण आठवडाभर उघड्या कपाटात राहून यांना कसर कशी लागली नाही?"

"मोरचूद."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बरं शे," म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवसापासून मला "अगं प्रज्ञा" म्हणायला लागल्या. आधी नुसतं "अगं" होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा पाहिला ते विसरता येत नाही. अंगावर मातीचा वाळका थर. मला वाटलं, धुतला नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, नाही, तो थर त्याचाच. अंगावर खवले, खवल्यांवर मेणासारखा लेप, लेपाला धरलेली गाळाची माती. त्या लेपामुळे तो पाण्याखाली राहूनही भिजत नाही. ब्रशच्या टोकाने त्यांनी थर अलगद सोडवायला सुरुवात केली आणि खालून राखाडी, बदामी, फिकट सोनेरी खवले उघडे पडत गेले, कौलांसारखे एकावर एक. पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक फिकट ठिपका. मी त्याला इतके दिवस घाणेरडा समजत होते. तो घाणेरडा नव्हता. त्याने कपडे घातले होते.

ओळखायची पद्धत मला आधी छळ वाटली. खाच आहे? असेल तर पुढे, नसेल तर दुसऱ्या वाटेला. पायाचा अमुक सांधा रुंद की अरुंद? रुंद तर इकडे, अरुंद तर तिकडे. दर पावलाला दोन वाटा आणि एक निवडायची. मी फटकन म्हणाले, "मॅडम, वर्गवारी या गोष्टीवर माझा विश्वास नाही. माणसांची वर्गवारी काय करते ते माझ्या घराने पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. जन्म बघितला, कप्प्यात टाकला, झाकण लावलं."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. "ते कप्पे आधी केलेले होते, माणसं नंतर कोंबली. इथं उलटं शे. इथं किडा आधी. किडा बसला नाही, तर किड्याला कापत नाहीत, कप्पा बदलतात."

"नेहमी?"

"नेहमी नाही," त्या म्हणाल्या. "पण बदलला नाही तर निदान चूक म्हणतात."

ते मला तेव्हा पटलं नव्हतं. आता पटतं, निम्मं.

घराण्याचं नाव लवकर कळलं, बॅगस. पुढे गाडं अडलं. प्रजाती ठरवायला नर हवा, आणि नराच्या पोटातला एक भाग उघडून त्याचा आकार बघायला हवा, कारण बाहेरून दोन प्रजाती सख्ख्या बहिणी दिसतात. मी म्हटलं, "इथेही नराशिवाय निकाल लागत नाही का?" मॅडम पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मी पुन्हा तळ्यात उतरले, पुन्हा फ्लेक्स, पुन्हा त्या बायका. "आज किती मारले?" "नर शोधतेय." या उत्तरावर त्या बागेत जे हसू फुटलं ते मी इथे लिहिणार नाही.

नरासाठी एवढी धडपड, कारण एव्हाना मला खात्री पटली होती की हा किडा नवा आहे. जगाला माहीत नसलेला. माझ्या तळ्याचा, माझ्या वसाहतीचा. आमच्या हरकतीवरची सुनावणी जवळ आली होती, तळ्याच्या एका कोपऱ्यात ट्रकने राडारोडा टाकायला सुरुवातही झाली होती, आणि मला एक दुर्मीळ जीव हवा होता. मथळाही तयार होता: जगाला अज्ञात जीव नाशकात! तळं बुजवणाऱ्यांनो, जबाब द्या! तो घेऊन मी अश्पाकभाईंकडे गेले. अश्पाकभाई मूळचे मालेगावचे, इथे भद्रकालीत त्यांचं छोटं छपाई मशीन. आमची पत्रकं पप्पांच्या काळापासून तेच छापतात.

मथळा वाचून त्यांनी मान डोलावली. "चलेगा. ये तो मालेगावतक चलेगा. नाव काय जनावराचं?"

"नाव ठेवायचंय अजून."

"अरे वा ताई. बारसं बाकी है, और आप पेढ्याचे बॉक्स छाप रहे."

"उद्यापर्यंत होईल."

"तो मशीन भी उद्याच चालू करतो. कागद महाग है, मजाक नहीं."

शेवटी मिळालेल्या नराचं पोट दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं आणि मॅडमनी सांगितलं, "जुनी शे."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी नीट सांगितलं. ओळखीची प्रजाती. नाव फार पूर्वीच ठेवलेलं. देशात बऱ्याच ठिकाणी सापडते. नवी नाही, दुर्मीळही नाही.

"पुन्हा बघा."

"दोनदा पाहिलं."

"तुमची चूक होऊ शकते."

"होऊ शकते. पण तुला हवी म्हणून होणार नाही."

मी तिथे स्टुलावर बसून काय काय बोलले ते आठवतं. की तुमचं काय जातं, नवी म्हणून टाका, कोण तपासणार आहे. की त्यांनी एका रसाच्या ग्लासावर अहवाल लिहिला, आणि आपण मात्र नराचं पोट उघडून खरं बोलायचं? मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कसाले रडस? नवी असती तर काय सांगितलं असतंस सुनावणीत?"

"की नवी आहे."

"आणि पुढे?"

पुढे काय? पुढे काहीच नव्हतं. नव्या प्रजातीबद्दल जगाला तिच्या नावापलीकडे काही माहीत नसतं. ती काय खाते, कुठे अंडी घालते, कशावर मरते, सगळं कोरं. जुनीचं तसं नसतं. जुनी म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी तळ्याच्या काठावर, कुणीतरी चिखलात गुडघे टेकून तिला बघत बसलेलं असतं. मॅडमनी जे त्या माणसांनी पाहून ठेवलं होतं ते मला सांगायला सुरुवात केली. आणि मी बसल्या जागी ताठ झाले.

हा किडा त्या पाण्यातल्या गवतावर जगतो. ते शेवाळ नाही, त्याचं नाव हायड्रिला. पाणी आटायला लागलं की ते गवत मरताना गाळात बारीक कंद ठेवून जातं, पुढच्या पावसासाठी. आणि किडा वाट बघतो पाणी उतरायची. काठ उघडा पडला की मादी ओल्या कुजक्या काडीकचऱ्यात अंडी घालते. अळ्या मातीतून खाली जातात, ते कंद शोधून पोखरतात, त्यातच वाढतात. भरल्या पाण्याखाली हे होत नाही. तळं आटलं नाही, तर याला लेकरंबाळं नाहीत.

"म्हणजे..." मी म्हटलं.

"म्हणजे तेच," मॅडम म्हणाल्या.

अहवाल म्हणत होता, आटतं म्हणून ते तळं नाही. आणि तिळाएवढा, अगदी साधा, देशभर सापडणारा हा प्राणी सांगत होता की हे तळं आटतं म्हणूनच मी इथे आहे; दरवर्षी भरतं आणि दरवर्षी आटतं, याचा जिवंत दाखला मीच आहे. ज्या वाक्याने तळं मारायला काढलं होतं, त्या वाक्यावर हा किडा शांतपणे चालत गेला होता. नेत्याच्या पाठीवरून गेला होता तसाच.

मी अश्पाकभाईंना फोन करून मथळा रद्द केला. "छोटी खबर निकली क्या?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही भाई, मोठी निघाली, फक्त मथळा बसत नाहीये.

सुनावणीच्या हॉलमध्ये पंखे होते, पण ऑक्टोबरपुढे पंख्याचं काय चालतं. समोरचे साहेब सभ्य होते, थकलेले होते. त्यांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

मी म्हटलं, तळ्यात एक सोंडकिडा आहे.

"नवीन शोध आहे का?"

"नाही."

"दुर्मीळ?"

"नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून एक जण म्हणाला, "एका किड्यासाठी विकास थांबवायचा का ताई?"

मी वळले. "किड्यासाठी नाही. एका वाक्यासाठी. वाक्य खोटं आहे." आणि मग मी सांगितलं, गवत, कंद, उतरणारं पाणी, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी उद्गारचिन्हाशिवाय बोलले. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पुरावा?"

मागच्या बाकावरून देवरे मॅडम उठल्या. "किडा आणि त्याची ओळख आत्ता देते. अळीचा पुरावा अजून पाण्याखाली आहे. होळीनंतर या, काठ उघडा पडल्यावर. पण साहेब, त्यासाठी तळं जागेवर असायला लागेल."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग लिहून घेणाऱ्याला म्हणाले, "काठ उघडा पडल्यावर संयुक्त पाहणी. तोपर्यंत भराव थांबवा."

हॉलबाहेर आल्यावर मी मॅडमना मिठी मारायला गेले तर म्हणाल्या, "सोड, माझा तास शे." आणि रिक्षा धरून निघून गेल्या.

चैत्रात तळ्याने काठ सोडला. पापुद्रे सुटलेली माती वर, हात घातला की खाली गार, ओली. साहेब टोपी घालून आले, जीपमधून उतरले आणि रसवंतीकडे न बघता थेट तळ्यात आले. मॅडमनी खुरप्याने मातीचा गड्डा उचलला, बोटांनी फोडला. आतून हरभऱ्याहून लहान, मळकट पांढरे कंद निघाले. एक नखाने चिरला. भरीव, कोरा. दुसराही कोरा. पुढचा एक कंद हाताला हलका लागला, त्याला सुईने टोचल्यासारखं भोक होतं. मॅडमनी तो साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि उघडला. आत बिनपायांची, पांढरी, वळलेली एक अळी होती. उजेड लागला तशी जरा हलली.

"ही तर तांदळातल्या अळीसारखी दिसते," साहेब म्हणाले.

आई काठावर पदर डोक्यावर घेऊन उभी होती. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "सोंडेच ते. माझं कोण ऐकतं."

तर असं आहे. भराव थांबलाय. रद्द नाही, थांबलाय. या दोन शब्दांमधलं अंतर आमच्या वसाहतीला चांगलं माहीत आहे. राडारोड्याचा तो ढीग कोपऱ्यात तसाच आहे, त्यावर एरंड उगवलाय. "प्रस्तावित पार्किंग" असा पत्र्याचा बोर्डही तसाच आहे. मॅडम अजून तासिकेवरच आहेत. आणि मला अजून कळत नाही की एका गरीब तळ्याला जगायची परवानगी मागायला एवढी कागदपत्रं का लागतात. पार्किंगला कुणी विचारलं का, तुझ्यात कोण राहतं? नराचं पोट उघडून दाखव म्हणाले का? आम्हालाच का दर वेळी काहीतरी दुर्मीळ काढून दाखवावं लागतं? साधं असणं पुरत का नाही?

मला पुरतं. हे त्या ऑक्टोबरात माझ्यात बदललं. मी आता दुर्मीळ शोधत नाही. मी तळ्याच्या काठावर फ्लेक्स पसरते आणि जे चालत बाहेर येईल त्याला विचारते, बाबा, तू कोण, कशावर जगतोस. बागेतल्या त्या बायका यंदाही आल्यात. म्हातारी लांबूनच ओरडली, "आली का गं किडेवाली! नर घावला का न्हाय अजून?" मी म्हटलं, घावला. तिने दोन्ही हात वर करून मला आशीर्वाद दिला.

काल अश्पाकभाईंकडे नवं पत्रक टाकलं. त्यांनी मथळा वाचला, परत वाचला, आणि मशीन सुरू केलं. मथळा असा आहे: होय, आमच्या तळ्यात किरकोळ कीटक राहतात. काठावर किरकोळ माणसं राहतात. कुणीही वगळलं जाणार नाही.

आज सकाळी पप्पांनी खळ ढवळली, मी पत्र्याच्या त्या बोर्डावर हात फिरवून धूळ पुसली, आणि प्रस्तावित पार्किंगवर पत्रक चिकटवलं, चारी कोपरे नीट दाबून. खळीत मोरचूद यंदा नेहमीपेक्षा जास्त टाकलाय. बराच काळ टिकायचं आहे.